विचारा बिनधास्त : कोड्यांच्या स्पर्धा, घड्याळ आणि आपण हौशी लोक

मागच्या अंकात कोडी सोडवण्याच्या स्पर्धांबद्दल चार ओळी काय छापल्या, प्रश्नांचा पाऊसच पडला. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाही, कारण काहींनी स्पष्ट लिहिलंय की ऑफिसात कळता कामा नये.

प्रश्न : सर, मी रोज बोरिवलीहून चर्चगेटला जातो. बसायला मिळालं की पेपरातलं सुडोकू काढतो, 'कठीण' लिहिलेलं असलं तरी दादरच्या आत होतं. मित्र म्हणतात स्पर्धेत उतर. पण तिथे सगळे आयआयटीवाले असणार, आपण नुसते हौशी, आपलं काय होणार? आणि मुळात या स्पर्धा भरतात कुठे? — एक लोकलकर, बोरिवली

उत्तर : आयआयटीवाले असतात, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्याशिवाय बँकेतले असतात, मास्तर असतात, दहावी-बारावीची पोरं असतात, आणि यादीच्या खालच्या अर्ध्या भागात तुमच्याआमच्यासारख्यांचीच गर्दी असते, तिथे कुणी कुणाला ओळखत नाही आणि कुणी हसतही नाही, त्यामुळे लाजायचं कारणच नाही.

आता कुठे ते सांगतो. आपल्याकडे लॉजिक मास्टर्स इंडिया म्हणून संस्था आहे, तिच्या साइटवर वर्षभर ऑनलाइन स्पर्धा चालू असतात, सुडोकूच्या वेगळ्या आणि बाकीच्या लॉजिक कोड्यांच्या वेगळ्या. भारताची राष्ट्रीय स्पर्धा पण तेच घेतात आणि त्यातून जागतिक स्पर्धेला जाणारी टीम ठरते, चार जणांची. जागतिक सुडोकू स्पर्धा २००६ ला इटलीत लुक्का गावी सुरू झाली, २००८ ला आपल्या गोव्यात झाली, आणि २०१७ ला बेंगळुरूला सुडोकू आणि पझल दोन्हींची एकदम झाली. कोड्यांची जागतिक स्पर्धा त्याहून जुनी, १९९२ ची, न्यूयॉर्कची. याशिवाय वर्ल्ड पझल फेडरेशनची ग्रां प्री असते, म्हणजे स्पर्धांची मालिका, तीही ऑनलाइन, वर्षात बऱ्याच फेऱ्या, घरबसल्या देता येते. हौशी माणसाने सुरुवात ऑनलाइनवरूनच करावी, प्रवास नाही, हॉटेल नाही, नापास झालं तर शेजाऱ्यांना कळत नाही.

पण एक सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच दिवशी धक्का बसेल. पेपरातलं सुडोकू म्हणजे साधं, नऊ बाय नऊ, आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि खोक्यात १ ते ९ एकदाच. स्पर्धेच्या पेपरात साधी थोडीच असतात, बाकी सगळी भावंडं. कर्णावर पण १ ते ९ एकदाच आले पाहिजेत असलं, वेड्यावाकड्या आकाराच्या खोक्यांचं, थर्मामीटरचं (गोळ्याकडून टोकाकडे आकडे चढतेच हवेत), किलर (त्याचं पुढे सांगतो), सम-विषमवालं (खुणेच्या घरांत समच किंवा विषमच आकडे). घाबरू नका, कारण सूचनांची पुस्तिका काही दिवस आधीच टाकतात, त्यात प्रत्येक प्रकाराचे नियम, बहुतेकदा सोडवलेलं उदाहरण आणि मुख्य म्हणजे प्रत्येक कोड्याला किती गुण तेही छापलेलं असतं. ही पुस्तिका जो वाचत नाही तो स्पर्धेत पहिली दहा मिनिटं नियम वाचण्यात घालवतो. पुस्तिका डाउनलोड करा आणि ट्रेनमध्ये वाचा, बोरिवली ते चर्चगेट एवढा वेळ त्याला पुरतो.

आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पेपरातलं कोडं एकच असतं, ते सुटेपर्यंत तुम्ही त्याच्या मागे लागता. स्पर्धेत दीड तास किंवा दोन तास आणि कोडी पंधरा-वीस, सगळी संपवणारे बोटावर मोजण्याइतके. म्हणजे काय काय करायचं नाही हे आधी ठरवायला लागतं. एखाद्याला १० गुण असतात एखाद्याला ८०, आणि ८० वालं बघितलं की हात शिवशिवतात, तिथेच गाडी फसते. चाळीस मिनिटं त्याच्यात गेली आणि शेवटी दोन सात एकाच ओळीत आले की हातात शून्य, कारण अर्धवट कोड्याला गुण नाहीत. तेवढ्या वेळात शेजारची चार बारकी कोडी झाली असती. पुस्तिका वाचताना आपल्या हाताला बसणाऱ्या प्रकारांवर पेन्सिलने टिक करा आणि त्याच क्रमाने पेपर लिहा, छापलेल्या क्रमाने नको. एखाद्या कोड्यात पाच मिनिटं काहीच हललं नाही तर पान उलटा, मग ते कितीही 'आता होईल, आता होईल' वाटू दे.

प्रश्न : काका, सुडोकूत अडकल्यावर अंदाजाने आकडा टाकून पुढे जाणं ही चीटिंग आहे का? माझा रूममेट म्हणतो खरा प्लेयर कधीच गेस करत नाही. — इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, अंधेरी

उत्तर : स्पर्धेत तुमच्या डोक्यात काय चाललंय हे कुणी तपासत नाही, उत्तर तपासतात. स्पर्धेतल्या कोड्याला उत्तर एकच असतं याची हमी असते, त्यामुळे अंदाजाने आलेलं बरोबर उत्तर पण बरोबरच. बरेच तगडे लोक शेवटी घड्याळ ओरडायला लागलं की दोनच शक्यता उरलेलं घर बघून एक आकडा टाकतात आणि धावत सुटतात. फक्त हे करायचं असेल तर शिस्तीत करा. अंदाजानंतरचे आकडे फिके आणि बारीक लिहा नाहीतर बाजूला खूण करत जा, म्हणजे फसलं की नेमकं कुठपर्यंत खोडायचं ते कळेल. अख्खं कोडं खोडलं की कागद पण जातो आणि मूड पण.

रूममेटच्या बाजूने एवढंच म्हणेन की दहाव्या मिनिटाला अंदाज लावणारा माणूस बहुतेक वेळा समोरचं काहीतरी बघत नसतो. किलर सुडोकूचं उदाहरण घ्या, त्यात तुटक रेषांचे कप्पे असतात आणि कप्प्यातल्या आकड्यांची बेरीज दिलेली असते. नवीन माणूस एकेका कप्प्यात डोकं खुपसतो. पण एका ओळीत १ ते ९ सगळे येणार म्हणजे ओळीची बेरीज ४५ हे ठरलेलंच. समजा एका ओळीत तीन घरांचा कप्पा १९ चा, तीन घरांचा १२ चा, दोन घरांचा ६ चा, हे सगळे ओळीच्या आतच आहेत आणि एक घर बाहेरच्या कप्प्यात गेलंय. १९ आणि १२ आणि ६, झाले ३७. मग त्या उरलेल्या घरात ८, विषय संपला, अंदाज लागतोच कुठे! शिवाय काही जोड्या पाठच करून टाका, दोन घरांत १७ म्हणजे ८-९, १६ म्हणजे ७-९, ३ म्हणजे १-२, ४ म्हणजे १-३. तीन घरांत २४ आला तर ७-८-९ शिवाय पर्याय नाही. पाढे पाठ केलेत ना लहानपणी, त्याच्यापुढे हे काहीच नाही, आणि काकुरोत, म्हणजे बेरजांच्या शब्दकोड्यासारख्या कोड्यात, पण हेच कामाला येतं.

इमारतीवालं कोडं येत असेल तर तिथेही असंच. आकडा म्हणजे बिल्डिंगची उंची, बाहेरचा आकडा म्हणजे तिथून उभं राहून किती बिल्डिंगा दिसतात, उंच बिल्डिंग मागच्या बुटक्या झाकते (लोअर परळला चाळीच्या गॅलरीत उभं राहिलेल्या माणसाला हे शिकवायला नको). पाच बाय पाचच्या कोड्यात (ओळीत १ ते ५ एकेकदाच) बाहेर ५ असेल तर ओळ सरळ १-२-३-४-५. बाहेर ४ असेल तर पाच मजली पहिल्या तीन घरांत येऊच शकत नाही, चार मजली पहिल्या दोनांत नाही आणि पहिल्या घरात तीन पण नाही. एवढं न लिहिता दिसायला लागलं की अंदाज लावायची वेळ फार उशिरा येते.

प्रश्न : ऑनलाइन स्पर्धा असली तरी प्रिंट लागते असं ऐकलं. आमच्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणली तर चालेल का? — गृहिणी, विक्रोळी

उत्तर : ताई, तिथेच गोची आहे. पीडीएफ आधी उतरवून ठेवता येते पण तिला पासवर्ड असतो, आणि पासवर्ड मिळतो तुम्ही 'स्टार्ट' दाबल्यावर. स्टार्ट दाबलं की घड्याळ चालू, मग झेरॉक्सवाल्याकडे लाइन असो नाहीतर त्याची चहाची वेळ असो, घड्याळ थांबत नाही. म्हणून प्रिंटर घरात असेल तर उत्तम, नसेल तर ज्यांच्याकडे आहे अशा मैत्रिणीकडे जाऊनच स्पर्धा द्या. काही स्पर्धांत स्क्रीनवर सोडवायची पण सोय असते, पण माझं मत विचाराल तर कागदावर हात जास्त मोकळा चालतो.

प्रिंट काढायच्या आधी शाई आहे का बघा आणि एक चाचणी पान काढा. क्लच पेन्सिल दोन, खोडरबर चांगलं घ्या, पेन्सिलीच्या मागचं गुलाबी खोडरबर कागदावर नुसता डाग पाडतं. आणि उत्तर भरण्याची पद्धत आधी समजून घ्या. अख्खं सुडोकू टाइप करायचं नसतं, खूण केलेल्या एकदोन ओळींचे आकडे टाकायचे असतात. कोडं बरोबर सुटलं पण टाइप करताना एक आकडा इकडचा तिकडे झाला की गुण गेले. काही ठिकाणी लगेच बरोबर-चूक कळतं आणि परत टाकता येतं पण प्रत्येक चुकीला गुण कापतात. टाइप केल्यावर बोट ठेवून एकदा वाचायचं, दहा सेकंद लागतात.

प्रश्न : वय वर्षं ६४. रिटायर होऊन कंटाळलो आहे. या वयात पोरांच्या स्पर्धेत उतरलो तर शोभेल का? दुसरं, कोडी सोडवल्याने विस्मरण होत नाही हे खरं का? — एक आजोबा, गिरगाव

उत्तर : शोभायचं काय त्यात आजोबा, धावायचं थोडंच आहे! जागतिक स्पर्धेत १८ च्या खालच्यांचा आणि ५० च्या वरच्यांचा वेगळा गट असतो, म्हणजे तुमच्या वयाची माणसं येतात म्हणूनच ना. वेग कमी पडेल हे मान्य, पण वर सांगितलं तसं कोडी निवडायला अनुभव लागतो आणि पोरं तिथेच घसरतात, सगळंच खायला बघतात.

विस्मरणाचं मात्र मी छातीठोक सांगणार नाही. सुडोकू रोज केल्याने सुडोकू सुधारतं हे नक्की. त्याने आजार टळतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही येवो. औषध म्हणून करू नका, मजा येते म्हणून करा, आणि विसरायला होतंय असं खरंच वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा, कोड्याच्या पुस्तकाकडे नको.

प्रश्न : सगळीकडे आकडेच आकडे. आमच्या मराठी शब्दकोड्याला कुणी विचारत नाही का? मी रविवारची पुरवणी आली की आधी शब्दकोडं फाडून घेते, घरात भांडणं होतात. जागतिक स्पर्धेत शब्दकोडं का नसतं? — एक निवृत्त शिक्षिका, विलेपार्ले

उत्तर : बाई, तुमचा राग रास्त आहे. जागतिक स्पर्धेत जपानचा, तुर्कस्तानचा, झेक देशाचा आणि आपला खेळाडू एकाच हॉलमध्ये बसतो, म्हणून कोडी भाषेवर आणि कुठल्या एका देशाच्या माहितीवर अवलंबून नसावीत असा कटाक्ष असतो. शब्द आले की ज्याची भाषा त्याचा फायदा. शब्दकोड्याच्या स्पर्धा वेगळ्या असतात, अमेरिकेत १९७८ पासून एक मोठी चालू आहे, पण ती इंग्रजीची. इंग्रजी शब्दकोड्यांच्या स्पर्धा भारतातही होतात. मराठीत मात्र वेळ लावून, समोरासमोर बसवून घेतलेली मोठी स्पर्धा व्हायला पाहिजे असं मलाही वाटतं, वाचनालयांनी मनावर घेतलं तर होईल. दादर-पार्ल्यात माणसांची वाण नाही.

पण मराठी शब्दकोडं रचणाऱ्याची पंचाईत पण बघा. इंग्रजीत एका चौकोनात एक अक्षर, आडव्या शब्दातला ए उभ्या शब्दात पण ए. आपल्याकडे चौकोनात मात्रेसकट, जोडाक्षरासकट अख्खं अक्षर बसतं. 'महाराष्ट्र' घेतला तर म, हा, रा, ष्ट्र, चारच घरं. आता त्या शेवटच्या घरातून उभा शब्द काढायचाय, तर त्यात नेमकं 'ष्ट्र' हवं, नुसता 'ट' चालत नाही, 'ष्टी' पण नाही. 'रा' ला छेदायला 'रा' च पाहिजे, 'र' नको 'री' नको. म्हणून आपल्या शब्दकोड्यात काळी घरं जास्त दिसतात आणि नदी, राजा, वारा, पाणी हे पाहुणे सारखे सारखे येतात. सोडवणाऱ्याने याचा फायदा घ्यावा, जिथे दोन शब्द छेदतात तिथे काना-मात्रा काय असेल तेच आधी ठरवा, निम्मे पर्याय तिथेच गळतात. आणि वेळ लावून सराव करायचा तर आधी सगळे आडवे मग सगळे उभे असं नका करू, एक शब्द पक्का झाला की त्याला छेदणारेच घ्या.

प्रश्न : मुलगा सहावीत, रुबिक्स क्यूब मिनिटाच्या आत लावतो. त्याला स्पर्धा द्यायचीये. क्लास लावू का? किती सेकंद आलं पाहिजे? — एक आई, मुलुंड

उत्तर : क्लास कशाला, पोरगं आपापलं शिकलंय ना, राहू द्या की. वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या मान्यतेच्या स्पर्धा मुंबई-ठाण्याकडे होत असतात, त्यांच्या साइटवर तारखा दिसतात. नाव नोंदवायला आधी अमुक सेकंदांचं सर्टिफिकेट लागत नाही, मिनिटभर लागणारी मुलंही येतात. मात्र जागा लवकर भरतात, नोंदणी उघडल्या उघडल्या फी भरून टाका.

नियम साधे. साध्या तीन बाय तीनच्या क्यूबला एका फेरीत पाचदा लावायचं, सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट वेळ काढून टाकतात आणि मधल्या तिन्हींची सरासरी. त्यामुळे एकदा हात घसरला तरी आभाळ कोसळत नाही. आधी क्यूब बघायला १५ सेकंद मिळतात. शेवटची एक बाजू पूर्ण फिरवायची राहिली तर दोन सेकंद दंड. त्याच्याकडून दोन गोष्टी करून घ्या, घरच्या क्यूबने न खेळता स्पर्धेला नेणार त्याच क्यूबने सराव, आणि हात टायमरवर ठेवून सुरू करायची सवय, कारण मुलं तिथेच बावरतात. आणि आईने मागे उभं राहून 'लवकर लवकर' म्हणायचं नाही, हा नियम त्यांच्या पुस्तकात नाही, माझा आहे.

प्रश्न : ऑफिसात पैज लागलीये. मी म्हणतो सुडोकू जपान्यांनी शोधलं, साहेब म्हणतात अमेरिकेचं. कोण जेवण देणार? — फोर्टमधला क्लार्क

उत्तर : जेवण तुम्ही द्या. आजच्या रूपातलं कोडं अमेरिकेच्या हॉवर्ड गार्न्स यांचं, १९७९ ला डेल कंपनीच्या कोड्यांच्या मासिकात आलं. जपानच्या निकोली या कोड्यांच्या प्रकाशनाने ते १९८४ मध्ये उचललं, नाव आणि रूप दिलं, आणि २००४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या टाइम्समध्ये आल्यावर जगभर पसरलं. पण जेवताना साहेबांना विचारा, कमीत कमी किती आकडे दिले तर सुडोकूला एकच उत्तर राहतं? उत्तर १७. सोळाच आकडे दिलेलं, एकच उत्तर असणारं एकही कोडं शक्य नाही हे २०१२ मध्ये कॉम्प्युटरने सगळं पिंजून काढून दाखवलं. नाही सांगता आलं तर निदान चहाचे पैसे त्यांच्याकडून काढा.

प्रश्न : काका, प्रश्न कोड्याचा नाही, नवऱ्याचा आहे. रविवारी ऐन जेवणाच्या वेळेला हे स्पर्धा म्हणून दार लावून बसतात, वन रूम किचन आमचं, मुलं टीव्ही लावू शकत नाहीत, सासूबाई हाक मारतात तर उत्तर नाही, आणि बाहेर आल्यावर विचारलं कितवा आला तर म्हणतात निकाल अजून लागायचाय. हे कुठवर चालणार? — लालबागहून एक वहिनी

उत्तर : वहिनी, भावोजींनी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली आहे. या ऑनलाइन स्पर्धा बऱ्याचदा दोन-तीन दिवस उघड्या असतात, त्यात कधीही सुरू करा, फक्त एकदा सुरू केली की सलग संपवायची. म्हणजे रविवारी दुपारी साडेबाराच कशाला पाहिजे? शनिवारी पहाटे साडेपाचला उठून बसायला सांगा, पाणी आलेलं असतं, नळ चालू, कुणाच्या कामाचं काही अडत नाही आणि डोकंही ताजं. तयार नाही झाले तर समजा आवड कोड्याची कमी आणि दार लावण्याची जास्त. सासूबाईंच्या हाकेबद्दल मात्र त्यांची बाजू घेतो, घड्याळ खरंच थांबवता येत नाही, तो दीड तास सांभाळून घ्या. त्या बदल्यात प्रिंट काढलेल्या कागदांची एक जादा प्रत मागून घ्या आणि संध्याकाळी तुम्ही सोडवायला बसा. पुस्तिका आधी वाचा, ५०-६० गुणांच्या कोड्याला हात लावू नका, बारकी बारकी उचला. आणि तुमचा आकडा त्यांच्यापेक्षा मोठा आला तर आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापतो, नाव न घालता.